खुंटीवरचा लाल ठिपका

रावेरकडच्या नवलनाना चौधरींच्या रायफलीने आजवर एकही जीव घेतलेला नाही. केळीत रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्या वडिलांना परवाना मिळाला होता, तो पुढे नानांच्या नावावर झाला. डुकरं आली की नाना आभाळाकडे नळी करून एक बार काढतात. डुकरं शेजारच्या मळ्यात जातात. शेजारी फटाके लावतो. डुकरं परत येतात.

असं सगळं सुरळीत चालू असताना पुण्याच्या जावयाने रायफलीवर दुर्बीण बसवून दिली. डोळा लावला की मधोमध लाल ठिपका दिसे. बंदूक हलली की तो आपोआप पेटायचा आणि पाच मिनिटं स्थिर राहिली की सेल वाचवायला आपोआप विझायचा. आभाळात बार काढणाऱ्याला नेमाचा ठिपका कशाला, हे कुणी विचारलं नाही. जावयाने दिलेल्या वस्तूबद्दल असं विचारत नाहीत. रिकामी रायफल ओसरीच्या खांबाला खुंटीवर टांगलेली असे. आलेल्या पाहुण्याच्या हातात ती देऊन नाना म्हणत, "दिसला का?"

त्याच खांबावरच्या तुळईला हेमलताबाईंची बंगई होती. माहेरून आलेला पितळी कड्यांचा झोपाळा. ओसरीत घरचा पुरुष असला की सुनेने बंगईवर बसायचं नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा रिवाज. सासरे गेले, सून स्वतः सासू झाली, रिवाज राहिला. फाटक वाजलं की बाई उतरून चुलीकडे जात. म्हणून नाना मळ्यात असायचे ती दुपार त्यांची. भांडी आवरून, पायाचा अंगठा टेकवत हलका झोका घ्यायचा. दिवसभरात तेवढीच जागा त्यांची स्वतःची.

महिनाभरात ठिपका दिसेनासा झाला. नानांनी सेल बदलला. चार दिवसांत तोही संपला.

"जळगावच्या दुकानदारानं जुना माल दिला," नाना म्हणाले. दुसऱ्या दुकानातून आणला, तोही गेला. मग खोडरबराने सेलची जागा घासून झाली, झाकण पिळून झालं. सालदार चिंधा म्हणाला, "नाना, खांबावर पाली फिरू ऱ्हायल्या. त्याच हालवत असतीन." नानांनी पाली पळवायला रायफलीच्या नळीला मोरपीस बांधलं. बंदूक लग्नातल्या करवलीसारखी दिसू लागली.

जावई फोनवर म्हणाला, "पप्पा, ती कुठंतरी हलत असेल."

"खुंटीवर टांगलेली बंदूक हालंल कशी?"

शेवटी नाना स्वतः पाळतीवर बसले. नवा सेल घालून समोर खुर्ची टाकली. फाटक वाजलं तेव्हाच बाई बंगईवरून उतरून आत गेल्या होत्या. खांब दगडासारखा निश्चल. पाच मिनिटांनी ठिपका गुमान विझला. नानांनी तीन दुपारी पहारा दिला, तिन्ही दुपारी बाईंनी आत चहा केला.

"माझ्यासमोर बरोबर विझतो," नाना चिंधाला म्हणाले. "माझ्या माघारीच काहीतरी घडतं."

तेवढ्यात व्याह्यांचा निरोप आला. येत्या रविवारी दोघं येतो, पोराने दिलेली दुर्बीण बघायची आहे. नानांची झोप उडाली.

डिंपल, त्यांची मुलगी, दोन दिवस आधीच आली. आली ती बंगईवर बसली आणि आईला हात धरून शेजारी बसवलं. फाटक वाजलं तशी बाई उठू लागल्या. डिंपलने हात सोडला नाही. झोका चालूच. नाना आत आले, सवयीने दुर्बिणीला डोळा लावला आणि तसेच उभे राहिले.

"पेटलेला आहे!"

"पेटणारच ना पप्पा. आम्ही झोका घेतला की खांब हलतो."

नानांनी बंगईकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग बायकोकडे. "म्हणजे तू रोज बसते?"

"तुम्ही मळ्यात गेले की."

"आणि मी समजत होतो पाली."

डिंपल हसली, बाई हसल्या नाहीत. नाना पुढे काय म्हणणार, ते त्यांना आधीच ऐकू आलं होतं.

"मग असं करू," नाना म्हणाले, "बंगई माळ्यावर टाकू."

"बंदूक आतल्या घरात टांगा ना," डिंपल म्हणाली.

"आत कोन बघतं?"

"आणि विहीणबाई येतील," बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना बसवायचं कुठं? बंदुकीवर?"

नानांनी डोकं खाजवलं. विहीणबाईंना सतरंजीवर बसवलं तर गावभर होईल. शेवटी डिंपलनेच तोड काढली. बंगई तिथंच, बंदूक तिथंच, सेल मात्र काढून फडताळातल्या लवंगांच्या डब्यात. पाहुणे आले की घालायचा.

रविवारी विहीणबाई बंगईवर बसल्या. शेजारी हेमलताबाईंना बसवल्याशिवाय त्या हलेनात. व्याही रायफल हातात घेऊन उभे. नानांनी नेहमीच्या हाकेने आवाज दिला, "अवं, सेल आण जरा."

बाईंचा अंगठा फरशीवर टेकला. त्या उठणार, असं नानांना वाटलं. अंगठ्याने रेटा दिला आणि झोका पुढे गेला.

"लवंगांच्या डब्यात आहे," त्या म्हणाल्या. "फडताळ उघडंच आहे. येताना मुखवासाची वाटीही घेऊन या."