मेथीवरचा धूर

“फवारलं असेल तर आत्ताच सांगा,” मी म्हणाले. “नंतर कळलं तर मला काही करता येणार नाही.”

शेवंताबाईंनी पडवीतला पाठीवरचा पंप उचलून माझ्यासमोर ठेवला. “वास घ्या मॅडम. दशपर्णीबिगर दुसरं कायबी गेलं आसंल यात, तर मला बोला.”

मी वास घेतला. दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवून केलेला अर्क. तो एकदा नाकात गेला की दिवसभर जात नाही. पंपात दुसरं काही नसावं असं मलाही वाटलं. पण मला वाटून उपयोग नव्हता. माझ्या बॅगेत लॅबचा रिपोर्ट होता आणि त्यात त्यांच्या मेथीत कीटकनाशकाचा अंश सापडला होता.

सेंद्रिय शेतीचं सर्टिफिकेट देणाऱ्या एका संस्थेत मी इन्स्पेक्टर आहे. शेत बघायचं, विहीर बघायची, खताचा खड्डा बघायचा, शेजारी कोण काय फवारतो ते विचारायचं. लहान शेतकऱ्यांना एकट्याने सर्टिफिकेट परवडत नाही, म्हणून त्यांचा गट करतात आणि सगळ्या गटाला मिळून एकच सर्टिफिकेट मिळतं. यात सोय आहे तशी गोमही आहे. एकीच्या शेतात दोष निघाला की सगळ्यांचा माल अडतो.

टाकव्याच्या पुढच्या या गावात भाजीवाल्या बायकांचा असा गट होता. त्यांचा माल खंडाळ्याच्या एका रिसॉर्टला जायचा. रिपोर्ट रिसॉर्टनेच काढला होता. सकाळीच त्यांच्या परचेस मॅनेजरचा फोन येऊन गेला होता.

“मॅडम, आमच्या मेन्यूकार्डावर या बायकांचा फोटो छापलाय. गेस्टने विचारलं तर मी काय सांगू?”

“चौकशी चालू आहे म्हणून सांगा.”

“मेन्यूकार्डावर तसं लिहिता येत नाही हो,” तो म्हणाला आणि सगळ्या गटाचीच ऑर्डर त्याने थांबवली.

शेवंताबाईंच्या घरून आम्ही दोघी गटाच्या शेडवर गेलो. बाकीच्या बायका आधीच जमल्या होत्या. पालक आणि चवळईच्या जुड्या भिंतीशी सुकत पडल्या होत्या. गटप्रमुख मंदाबाई उभ्याच होत्या.

“आमी समद्या जणी खुरपून मरतो,” त्या म्हणाल्या, “आन् एकीमुळं समद्यांचं नाव जातं. शेवंता, माव्याची कीड पडली म्हणून मारलंस का काय? मारलं आसंल तर सांग ना बये.”

“न्हाई मारलं.”

“मग मेथीत आलं कुटनं? आभाळातनं?”

शेवंताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बायकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला, ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

मी रिपोर्ट पुन्हा उघडला. मला एक गोष्ट सकाळपासून खटकत होती. भाजीवर मारायची औषधं साधारण ठरलेली असतात. रिपोर्टमधलं नाव त्यातलं नव्हतं. मी शेडबाहेर जाऊन लॅबच्या केमिस्टला फोन लावला.

“हे भाजीवर कोण मारेल?” मी विचारलं.

“भाजीवर नाही मारत,” तो म्हणाला. “हे डासांचं औषध. फॉगिंगच्या मशीनमध्ये घालतात.”

मी आत आले. “गावात डासांसाठी धूर मारला होता का?”

“व्हय की,” एक मावशी म्हणाल्या. “शेवंताच्या पोराला डेंग्यू झालता तवा. हिच्याच घराभवती मारला. समदी आळी पांढरी झालती.”

ग्रामपंचायतीने जे करायचं तेच केलं होतं. डेंग्यूचा पेशंट सापडला की त्याच्या घराभोवती धूर मारतात. शेवंताबाईंचं मेथीचं वावर घराला लागूनच. मधे नुसतं जास्वंदीचं कुंपण.

“तुम्ही हे मला का नाही सांगितलं?” मी शेवंताबाईंना विचारलं.

“मला काय म्हाईत?” त्यांचा आवाज चढला. “मी तळेगावला दवाखान्यात व्हते. पोराच्या पेशी कमी झालत्या, रक्त चढवायची येळ आलती. घरी कोण धूर मारतंय का आग लावतंय, मला सुद व्हती का?”

“मग त्या दिवसांत मेथी कापली कोणी?”

बाहेर एक टेम्पो गेला. मग मंदाबाई हळूच खाली बसल्या.

“मी कापली,” त्या म्हणाल्या. “गाडी यायची व्हती खंडाळ्याची. हिचा माल वाया जाऊ ने म्हणून मी आन् माझी सून, दोघींनी कापली.”

“कधी?”

“धूर मारला त्याच्या दुसऱ्या दिशी. सकाळच्याला.” त्यांनी मान वर केली. “पर मॅडम, तो धूर व्हता. फवारा न्हवं. धुराचंबी आसतं व्हय?”

असतं, मी म्हणाले. त्या धुरात तेल असतं, औषध असतं आणि ते पानावर बसतं. मंदाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी औषध म्हणजे पंपातून निघतं ते. धूर चुलीचा असतो, धूर गोठ्यातही करतात. त्याने भाजी बाद होते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेवंताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. “तू कापलीस?” एवढंच त्या म्हणाल्या. “मला वाटलं, ती वाळून गेली आसंल आन् ह्यो रिपोट आदीच्या मालाचा.”

मी संध्याकाळी ऑफिसला फोन केला. आमचे सर पुण्यात बसतात आणि कमी बोलतात.

“म्हणजे शेतकऱ्याची चूक नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“पण मेथीत औषध आहे.”

“आहे.”

“मग तसं लिही. कोणी आणि का मारलं, ते खाणाऱ्याच्या पोटाला कळत नाही.”

“बाकीच्या बायकांचं काय? त्यांची शेतं ओढ्यापलीकडे आहेत. धूर तिथे पोचणं शक्य नाही.”

“शक्य नाही असं तुला वाटतं. सॅम्पल घे.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. सॅम्पल घ्यायचं म्हणजे वावरात वेगवेगळ्या जागची पानं खुडायची, एकत्र करायची आणि शेतकऱ्यासमोर पिशवी सील करायची. शेवंताबाईंच्या घराजवळच्या पालकाचं घेतलं, त्यांच्याच ओढ्यापलीकडच्या तुकड्यातलं घेतलं, मंदाबाईंचं आणि इतरांचंही घेतलं. मंदाबाई दिवसभर माझ्याबरोबर फिरल्या. एरवी अखंड बोलणारी बाई, त्या दिवशी बांधावर पाय जपून टाका एवढंच सांगत होती.

रिपोर्ट आले. घराजवळच्या पालकात थोडा अंश निघाला. ओढ्यापलीकडचं सगळं स्वच्छ होतं. गटाचं सर्टिफिकेट राहिलं. शेवंताबाईंचं घराजवळचं वावर मात्र सर्टिफिकेटातून बाहेर काढावं लागलं. तिथे पुढेही कधी ना कधी धूर मारला जाणारच होता.

हे सांगायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा पडवीत बसून पेज पीत होता. अंगात शर्ट ढगळा झाला होता. वावर गेल्याचं ऐकून शेवंताबाई कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांचा सगळ्यात कसाचा तुकडा होता. दारातली विहीर, दारातलं खत. ओढ्यापलीकडे पाणी डोक्यावर न्यावं लागायचं.

तेवढ्यात सरपंच आले. त्यांना हे प्रकरण कळलं होतं. “मावशी, पुढच्या वक्ताला तुमच्या आळीला धूर न्हाई मारत. मॅडमपुढं सांगतो.”

शेवंताबाई मागे वळल्या. “असं का म्हनून? मारायचा. माझ्या दारात पयला मारायचा. आदल्या दिशी निरोप तेवढा धाडा.”

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. यात माझं काहीच म्हणणं नव्हतं.

रिसॉर्टने ऑर्डर पुन्हा सुरू केली नाही. मी स्वच्छ रिपोर्ट पाठवले, मॅनेजरने ‘थँक यू’ लिहिलं आणि नवीन मेन्यूकार्ड छापलं. गटाचा माल आता तळेगावच्या सोसायट्यांमध्ये जातो. तिथल्या बायका जुडी उलटीसुलटी करून बघतात आणि फोटो मागत नाहीत. शेवंताबाईंनी घराजवळ झेंडू लावलाय. ओढ्यापलीकडे पाणी न्यायला मंदाबाईंनी आपल्या मोटरची लाइन जोडून दिली. त्यावर दोघींपैकी कोणी काही बोललेलं मी ऐकलं नाही.

इन्स्पेक्शनला गेले की आता मी शेजारी काय फवारतो एवढ्यावर थांबत नाही. घरात कोण आजारी पडलं होतं, हेही विचारते. लोकांना वाटतं, मॅडम चौकशी करतात, चांगल्या आहेत. मी खरं तर भाजीचीच चौकशी करत असते.