डाव्या कानाची काडी

चष्मेवाल्याच्या लेकीचा डावा कान उजव्यापेक्षा तसूभर वर आहे. हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक, असं तो धरून चालला होता. घटस्फोटानंतर दर दुसऱ्या रविवारी ती दुकानात यायची, काउंटरवर चढून बसायची आणि तो तिच्या चष्म्याची डावी काडी गरम करून बेताने वाकवायचा.

मग तिच्या आईने दुसरं लग्न केलं आणि मुलीला घेऊन ती नव्या नवऱ्याच्या नोकरीपायी परराज्यात गेली. रविवार संपले. वकिलाने नवा कागद धाडला: अर्धी उन्हाळी सुट्टी वडिलांकडे, शिवाय दर बुधवारी व्हिडिओ कॉल. चष्मेवाल्याने सही केली नाही. त्याला पूर्ण सुट्टी हवी होती. उरलेली अर्धी ‘त्या’च्या वाट्याला जाणार, हे त्याला सोसत नव्हतं.

बुधवारचे कॉल मात्र सुरू झाले. पहिल्याच बुधवारी लेक म्हणाली, “बाबा, उंच काका मला सायकल शिकवतात. अजिबात ओरडत नाहीत.”

“मी ओरडायचो?”

“थोडंसं. आणि चष्मा सारखा घसरतो. काका इथल्या दुकानात नेणार आहेत.”

“मुळीच नाही!” समोरचं गिऱ्हाईक दचकलं. “मुंगे, तुझ्या चष्म्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. शब्द दे.”

तिने दिला.

तीन आठवड्यांनी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. “रबरबँडने चष्मा बांधून फिरतेय पोर. कानामागे सोललंय. दुकानात चल म्हटलं की रडते. बाबांना शब्द दिलाय म्हणे. काय लावलंयस तू हे?”

आधी त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. मग लेकीने पडद्यासमोर येऊन केस मागे सारले आणि तो लालभडक चट्टा दिसला.

“बोलाव त्याला,” तो पडेल आवाजात म्हणाला.

उंच काका हात पुसत येऊन बसला. “सांगा, दादा.”

“दादा राहू दे. वाडग्यात गरम पाणी घ्या. उकळतं नको. काडीचं टोक बुडवा. आता अंगठ्याने... अहो, हळू! विजेचा खांब वाकवताय का?”

त्या माणसाची बोटं लेकीच्या कानामागे अंदाज घेत फिरली. चष्मेवाला काउंटरच्या काचेवरचा नसलेला डाग पुसू लागला.

“हिचा डावा कान जरा वर आहे, नाही का?” उंच काका म्हणाला.

चष्मेवाला तोच डाग आणखी जोरात पुसू लागला.

लेकीने मान गदागदा हलवून पाहिली. “बसला! बाबा, काकांना जमलं!”

“शिकवलं कुणी?”

ती खेळायला पळाली. तिच्या आईने फोन घेतला. “आता तरी सही करशील? की पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या?”

“करतो. अर्धी तर अर्धी. पण बुधवारचा फोन तो घरी यायच्या आधी लावायचा.”

“तो पाचला येतो. आणि तुझी गिऱ्हाइकं?”

“दुकान बंद ठेवीन. चारला लाव.” त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “नाही, साडेतीनलाच लाव. एखाद्या दिवशी लवकर सुटायचा मेला.”