व्याह्यांची गाडी आणि मोकळं मैदान

मला आधी एक सांगा, परक्या गावात माणसानं विश्वास कोणावर ठेवावा? चहावाल्यावर, बायकोवर, की स्वतःच्या अकलेवर? उत्तराची घाई नको. हे पोहे घ्या, वर शेव घ्या. मी अकलेवर ठेवला होता. तिनं माझे काय हाल केले, ते आता तुमच्यापासून काय लपवू!

इथे उज्जैनला, फ्रीगंजात माझं चादरींचं दुकान आहे, भैरवगढच्या छापाच्या. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. गल्ल्यावर बसून बसून असं झालंय की समोरचा तोंड उघडायच्या आत कळतं, हा घेणारा आहे की नुसता थप्पी उलगडायला लावणारा. निदान मला तसं वाटायचं!

तर आमचे व्याही, अण्णासाहेब, म्हणजे आमच्या रेवाचे सासरे, इंदूरला असतात. बँकेतून रिटायर झाले आणि एक मिनीबस घेऊन तिचं घरच करून टाकलं. आत पलंग, ओटा, गॅस, बेसिन. बाहेर ओढून काढायचा ताडपत्रीचा मांडव. नातवालासुद्धा चपला काढायला लावून आत घेतात! ती गाडी त्यांनी मला दिली. का, तर आमच्या हिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

किल्ली हातावर ठेवताना एवढंच म्हणाले, "व्याही, बाकी काही नाही, फक्त खाऱ्या पाण्यापासून लांब ठेवा. गंज चढतो."

"अण्णासाहेब, निश्चिंत असा! तुमची गाडी म्हणजे आमच्या लेकीचं सासर!"

निघालो कच्छला, नारायण सरोवराकडे. वाटेत एक बंदर लागलं. रस्ता चुकलो असं ही म्हणते, मी म्हणतो जरा वळसा घेतला. आणि बंदर तरी कसं? क्रेन, कोळशाचे डोंगर, ट्रकांची न संपणारी रांग. हवेत अशी काळी पूड की हिनं खिडकीबाहेर बोट काढलं असतं तर काजळ घालून झालं असतं. लॉज नाही, झाड नाही. एक चहाची टपरी आणि तिच्यामागे पत्र्याची शेड. टपरीवाले मामदभाई.

आणि टपरीपलीकडे मैदान! काय मैदान म्हणता! सपाट, टणक, स्वच्छ, नजर पोहोचेल तिथपर्यंत रिकामं. अशी जागा फ्रीगंजात असती तर रजिस्ट्री ऑफिसात मारामाऱ्या झाल्या असत्या. समुद्र म्हणाल तर पार लांब, एक चकाकती रेघ.

मी गाडी वळवली तसे मामदभाई किटली ठेवून आले. "सेठ, उधर मत लगाना. शाम तक वहाँ दरिया आ जाएगा. मेरी शेड में लगा दो."

मेरी शेड में! माझे कान उभे राहिले. अहो, मी स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणतो, "ताई, संध्याकाळपर्यंत हा पीस राहणार नाही." मला शिकवता?

"भाईजान," मी हसून म्हणालो, "हम भी धंधेवाले हैं."

"तो?"

"तो समझ लो!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "जैसी आपकी मर्जी."

ही म्हणाली, "अहो, तो इथलाच माणूस आहे. त्याला माहीत असेल की."

"तुला नाही कळायचं. आभाळात एक तरी ढग आहे का?"

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? मी शिप्राकाठचा माणूस! पाणी चढायचं म्हणजे वर कुठेतरी पाऊस पाहिजे, गावात चर्चा पाहिजे, रामघाटावर पंड्यांनी आपापल्या छत्र्या उचलायला पाहिजेत. भर उन्हात, कोरड्या आभाळाखाली, नदी कधी कोणाच्या अंगावर आलीय?

मैदानाच्या पार मध्यावर गाडी लावली. मांडव ओढला, खुर्च्या मांडल्या. हिनं खिचडी-पापड केला. वर मी अण्णासाहेबांना फोन केला.

"कुठे आहात व्याही?"

"मस्त मोकळ्या मैदानात! समुद्राचा तर मागमूस नाही!"

"वा! व्याही असावेत तर असे!"

त्या कौतुकावर मी जो आडवा झालो, तो हिच्या हाकेनंच उठलो.

"अहो, माझ्या चपला?"

"बाहेरच असतील."

"बाहेरच आहेत. पण चालल्यात."

दारात जाऊन बघतो तर काय! चपला चालल्यात, मागोमाग एक खुर्ची चाललीय, आणि चारी बाजूंनी पाणी, चमचम करत, अगदी शांतपणे येतंय. मी आधी आभाळाकडे पाहिलं. शप्पथ! ढग नाहीच!

गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली आणि वाळूत बसली. मला समोर समुद्र दिसतच नव्हता हो, मला रेवाचं सासर बुडताना दिसत होतं! आणि ही? ही पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणते कशी, "समुद्र दाखवीन म्हणाला होतात, मला वाटलं आपल्याला जावं लागेल त्याच्याकडे."

पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून मी टपरीकडे धावलो. रांगेतले ट्रकवाले खाली उतरून बघत उभे. एक ओरडला, "चाचा, जहाज है तो बंदर में लगाओ!"

"मामदभाई, बचाओ!"

"लोडर आ रहा है, सेठ. आपने मांडवा खोला, तभी बोल दिया था."

"तभी?"

"हर साल कोई न कोई समझदार आता है."

कोळशाच्या वखारीतला पिवळा लोडर आला, साखळी लावली आणि सासर बाहेर ओढलं. पाणी पायरीपर्यंत पोहोचलं होतं. गाडी मुकाट्यानं शेडमध्ये लागली. चहा आला. मी खाली मान घालून विचारलं, "शेड का किराया कितना?"

"किराया?" मामदभाई चकित. "मैंने कब माँगा? आपने कहा था, समझ लो. मैं तो तब से समझ ही रहा हूँ!"

मी पिशवीतून चांगली चादर काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कापड चिमटीत धरून उलटसुलट पाहिलं. "रंग तो नहीं छोड़ेगी?"

"भरोसा रखो, भाईजान," मी म्हणालो, आणि सगळे ट्रकवाले असे हसले, असे हसले की माझ्या हातातला चहा सांडला.

पुढचा प्रवास गुंडाळला. वाटेत गोड्या पाण्यानं गाडी धुतली, उज्जैनला पोहोचल्यावर परत धुतली आणि तशीच इंदूरला नेली. अण्णासाहेबांनी एक चक्कर मारली, चाकं वाकून पाहिली. "वा व्याही! खारी हवासुद्धा लागलेली दिसत नाही!"

"छे छे!" मी म्हणालो.

मग त्यांनी पान्हा ठेवायला पायरीखालचा कप्पा उघडला. आतल्या ओल्या पोत्याखालून एक खेकडा बाहेर आला. जिवंत! नांगी उगारून, तिरका तिरका चालत, थेट अण्णासाहेबांच्या पायापर्यंत. रेवा माझ्याकडे बघतेय, विहीणबाई खेकड्याकडे.

"व्याही," अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "हा त्या मैदानातला का?"

"हो ना," ही म्हणाली. "मोकळ्या!"

आधी विहीणबाईंना हसू फुटलं, मग रेवाला, मग अण्णासाहेबांना, तेही भिंतीला धरून. गाडी परत मिळणार आहे, दिवाळीनंतर. फक्त किल्ली हिच्या हातात दिलीय आणि बजावलंय, यांना मागे बसवा.

आता हा किस्सा तुम्ही पुढे सांगणारच, मी ओळखतो ना तुम्हाला! खुशाल सांगा, पण हिशोब चोख ठेवा. मूर्खपणा सगळा माझ्या नावे टाका, शहाणपण मामदभाईंच्या नावे, समुद्र हिच्या नावे. फक्त एक विनंती आहे. गावातल्या गावात, देवास गेटपर्यंत जाता जाता लोकांनी खेकडे पाच केलेत. एकच होता हो. एकच मांडा!