वाटेचं दूध

आमच्या शेताच्या पाठी काकांचं शेत, बाबांच्या चुलतभावाचं. भुईगावात पूर्वी भात कापलं की सगळ्यांची शेतं सगळ्यांना मोकळी असायची. कुणाचीही गुरं कुठंही चरायची. मग काकांनी भात सोडलं आणि म्हशी केल्या. गोठा बांधला, चाऱ्याचं गवत लावलं, भोवती तार घातली. त्यांचं शेत बंद झालं, त्यांच्या म्हशी मात्र आमच्या शेतातून तळ्यावर जायला लागल्या.

बाबांनी अडवलं नाही. "मुक्या जनावराला पान्यापासून कोन अडवनार?" म्हणाले. "पन रोज तांब्याभर दूध पाठव. दूध येतं तवर वाट माजी, तू इचारून चालतोस."

काका हसले. "बरं, दादा."

लिहून काही ठेवलं नाही. रोज सकाळी काकी आमच्या ओट्यावर तांब्या ठेवून जायची.

घरातली पहिली पदवीधर मी, आणि ते मी ताठ मानेनं सांगते. पण कॉलेजात वहिवाट म्हणजे काय ते कळलं आणि त्या तांब्याकडं मी पुरावा म्हणून बघायला लागले. विचारून चाललं तर ती मेहरबानी. न विचारता वर्षानुवर्षं चाललं तर तो हक्क होऊन बसतो. आमचं शेत मुळात एवढंसं. मधोमध कायमची वाट गेली तर दोन चिंध्या उरतील.

बाबा गेले. नंतर त्याच वाटेनं काकांच्या गोठ्याकडं चाऱ्याचा टेम्पो यायला लागला, म्हशींची पायवाट रुंद झाली. एका सकाळी, वाट पक्की करायला, तिच्यावर पाडलेल्या इमारतीचा राडारोडा पसरलेला दिसला. त्या दिवशी ओट्यावर तांब्या नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही.

"इसरली असंल," आई म्हणाली. चहाचं पाणी आटलं तरी ती दाराकडंच बघत होती.

मी जाऊन वाटेत उभी राहिले. टेम्पो थांबला. काका आले.

"बाजूला हो, बाय. म्हशींचं खानं हाय त्यात."

"दूध का नाही आलं, काका?"

"आता कसलं दूध? सगलं डेअरीला जातं. आनि ही आमची वहिवाट हाय."

तो शब्द काकांचा नव्हता, कुणीतरी शिकवून पाठवला होता.

"मग इतकी वर्षं दूध कशाचं दिलंत?"

"तुज्या बापाच्या पिरमाचं! कालेजात पिरमाचाबी हिशोब शिकवतात काय?"

टेम्पोवाला फिदीफिदी हसला. तारेपलीकडं काकी गवत कापत होती. मी तिलाच विचारलं, "काकी, तू सांग. दूध प्रेमाचं होतं की वाटेचं?"

विळा थांबला. काकांकडं न बघता ती म्हणाली, "वाटेचं."

काकांनी तिच्याकडं असं बघितलं, की मला माझ्या शेतापेक्षा तिचीच धास्ती वाटली.

दुसऱ्या सकाळी तांब्या आला. अजून येतो. आधी टेम्पो जातो, मग काकीची पावलं वाजतात. तोवर मी अंथरुणात श्वास धरून असते. हल्ली ती पावलं फार सावकाश येतात. तिच्यामागं तांब्या कोण आणणार, हे मी आईला विचारत नाही. आईही मला विचारत नाही.