बिबवेवाडी ते येरवडा: मामांच्या मेंदूचा फोटो

या ब्लॉगवर आजवर स्पितीपासून गोकर्णापर्यंतचे रस्ते लिहिले. आजचा प्रवास पुण्यातल्या पुण्यात, बिबवेवाडी ते येरवडा, तोही स्कूटरवर. हसू नका. इतकी धाकधूक मला स्पितीच्या घाटातही झाली नव्हती.

माझे मामा वेदपाठी. लहानपणी पाठशाळेत गेले आणि गुरूंच्या तोंडून ऐकून ऐकून सगळा ऋग्वेद पाठ करूनच बाहेर पडले. पुढे आयुष्यभर तोच मुलांना शिकवला. पण महिन्यापूर्वी एका पारायणात ते मध्येच अडकले. शेजारच्यांनी पुढचा शब्द दिला, पारायण पुढे गेलं, मामा मात्र तिथेच राहिले. घरी येऊन त्यांनी म्हणणं सोडलं, शिकवणंही सोडलं. डॉक्टरांनी तपासून "वयाच्या मानाने उत्तम" म्हटलं, ते त्यांना पटलं नाही.

त्याच सुमारास ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं, की येरवड्याच्या पुढच्या एका हॉस्पिटलात काही संशोधकांना वेदपाठी हवे आहेत. वर्षानुवर्षं पाठांतर केलं की मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग इतरांपेक्षा वेगळा दिसतो का, हे त्यांना एमआरआय काढून पाहायचं होतं. मला कमालीची उत्सुकता. मी सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते आणि मला नवऱ्याचा फोन नंबरही पाठ नाही.

मामा एका वाक्यात तयार झाले. "बघू दे त्यांना, राहिलंय का गेलंय."

शनिवारी सकाळी निघालो. तुम्हीही तिकडे जाणार असाल तर मार्केट यार्डचे टेम्पो रस्त्यावर यायच्या आत निघा. आम्हाला उशीर झाला आणि कांद्याच्या गाड्यांमागे अडकलो. एरवी मामा मागे बसले की त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टकटक आपटतं. वेद शिकवताना गुरू मुलाचं डोकं धरून स्वराबरोबर मान हलवतात, खालच्या स्वराला खाली, वरच्याला वर. शब्द आणि मान एकदमच पाठ होतात, आणि मामांचं स्कूटरवरही मनातल्या मनात म्हणणं चालूच असायचं. त्या दिवशी स्टेशन गेलं, बंडगार्डनचा पूल गेला, येरवडा आलं, तरी मागून एकही टक आवाज नाही. मला फार वाईट वाटलं.

हॉस्पिटलचं पार्किंग दहा रुपये आणि कॅन्टीनचा उपमा चांगला. मामांनी घरून आणलेला डबा खाल्ला. सायली नावाची संशोधक मुलगी त्यांना सगळं समजावून सांगत होती.

"म्हणजे माझा मेंदू मुळातच तसा होता म्हणून पाठ झालं, की पाठ केलं म्हणून मेंदू तसा झाला?" मामांनी विचारलं.

"आजोबा, तेच तर अजून नीट कळलेलं नाही. आणि तुमच्या एकट्याच्या फोटोवरून मला काहीच सांगता येणार नाही. पुष्कळ जणांची तुलना करावी लागते."

"वा! एवढं मोठं मशीन, आणि उत्तर सरासरीचं."

ते बोलले खोचक, पण चेहरा पडला होता. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर इथे मिळणार नव्हतं. तरी ते अंगठी, घड्याळ माझ्या हातात देऊन आत गेले.

मी सायलीजवळ काचेमागे बसले. मशीनची ठकठक सुरू झाली. थोड्या वेळाने ती माईकवर म्हणाली, "आजोबा, मान हलतेय. मनात काही म्हणू नका हं."

"म्हणत नाहीये," आतून फणकारा आला.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या उशा घातल्या. पुन्हा फोटो हलला. तिसऱ्यांदाही हलला. सायली हताश होऊन म्हणाली, "याचा काही उपयोग नाही हो. यांना नाही घेता येणार."

मामा बाहेर आले. मी ओशाळून काही बोलणार, तर ते बाकावर बसून हसत होते, डोळ्यांत पाणी.

"पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा राग आला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा लक्ष देऊन ऐकलं. अगं, आत चालूच होतं. मी म्हणत नव्हतो, तरी चालू होतं. मग तिसऱ्यांदा मी त्याच्या मागोमाग गेलो. अडकलो होतो ती जागा आली, आणि गेली."

मी त्यांचा हात धरून बसले.

परत येताना रस्ता मोकळा होता. गुलटेकडीच्या चढावर मागून पहिली टक ऐकू आली, आणि मग बिबवेवाडीपर्यंत थांबलीच नाही.

घरी आल्यावर मी विचार करत बसले. यातून काहीच सिद्ध झालं नाही, हे मला कळतं. उद्या मामा पुन्हा अडकूही शकतात. मेंदू आधी की पाठांतर आधी, तेही मला अजून माहीत नाही आणि जाणून घ्यायची फार इच्छा आहे. पण सोमवारी ते शिकवायला गेले. नंतर सायलीने मला फोन करून माफी मागितली आणि फोटो वापरता येणार नाही म्हणाली. निरोप दिला तर मामा म्हणाले, "फोटोच बिघडला ना? मग ठीक आहे."

माझ्या हेल्मेटचा मागचा रंग पार उडालाय. गॅरेजवाला म्हणाला, रंग मारून देतो. मी नको म्हटलं.