पितरांचा कच्चा आहार

पंचवटीतल्या आमच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या लोकांच्या पितरांच्या नावाने जेवण्याचे काम केले. त्यात कच्च्या आहारावर गेलेला पहिला उपाध्याय मी. मोड आलेले मूग, गाजर, भिजवलेले बदाम. उन्हाळा संपेपर्यंत वजन उतरले आणि संकल्प सांगताना गोत्रे आठवेनाशी झाली. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "कच्चं खा, पण कडधान्यं, तीळ वाढवा आणि बी-ट्वेल्व्हची गोळी घ्या. ते भाजीपाल्यातून मिळत नाही." कारखान्यात झालेली गोळी माझ्या तत्त्वात बसेना. कारखान्यातच झालेला मिक्सर बसत होता.

अशातच गंगापूर रोडला सरोजिनीबाईंच्या पतीचे वर्षश्राद्ध आले. मी पानाशेजारी मुगाचा डबा उघडला. वडे वाढायला आलेल्या सरोजिनीबाई थबकल्या.

"गुरुजी, हे जन्मात कोशिंबिरीला शिवले नाहीत. वर्षाने जेवायला यायचे, त्यांना मूग घालू?"

"माझा आहार बदललाय, वहिनी."

"तुमचा बदललाय हो. ह्यांचा कुठे बदललाय?"

यावर शास्त्रात उत्तर असणार, पण मला ते आठवेना. मी वडा खाल्ला. बाई हलल्या नाहीत, म्हणून दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्यांनी पदराने डोळे पुसले आणि खीर वाढली.

"नीट जेवले ना हे?" त्यांनी हळूच विचारले.

"पोटभर," मी म्हणालो. दिवंगतांच्या वतीने बोलताना इतकी खात्री मला पूर्वी कधीच वाटली नव्हती.