टाकीमागची बिस्किटं

आमच्याकडे बारसं असो की कुणाची साठी, जेवणं आटोपली की "मामा, ती टाकीवाली सांगा" अशी फर्माईश व्हायचीच. हैदराबादेत, काचीगुड्याच्या आमच्या घराण्यात वकील झाले, प्रोफेसर झाले. मी कचेरीत फायली सरकवत राहिलो, पण गोष्ट सांगावी तर मीच, अशी माझी समजूत. पाहुण्यांचीही असावी, निदान आइस्क्रीम येईपर्यंत.

गोष्ट माझ्या भाच्याची. नऊ वर्षांचा असताना त्यानं बापाचा मोबाइल फोडला. मेहुण्यांनी कमरेचा पट्टा काढला, हा पळाला. कुकटपल्लीची अख्खी कॉलनी शोधतेय, आणि हा पठ्ठ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आरामात! बिस्किटांचा पुडा, पाण्याची बाटली, चादर, सगळं चार दिवस आधीच नेऊन ठेवलेलं. "म्हणजे बघा, आधी मुक्कामाची सोय, मग मोबाइल!" इथं मी थांबायचो. हशा व्हायचा. मेहुणेसुद्धा हसायचे.

तो भाचा आता सतरा वर्षांचा आहे. यंदा कोचिंग क्लासच्या बाहेर त्यानं बरोबरच्या मुलाच्या डोक्यात क्रिकेटची बॅट घातली. तो मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. त्याची आई मला हॉस्पिटलच्या जिन्यात दिसली होती. मी मागच्या मागे उतरलो.

असं का झालं, यावर आमच्या घरात मतांना तोटा नव्हता. कुणी मोबाइलवरचे गेम म्हणालं, कुणी संगत. धाकटी काकू म्हणाली, "बाहेरचं खाणं." पट्ट्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

वकिलांनी समजावलं, की खटला मुलासारखा चालवायचा की मोठ्या माणसासारखा, हे बाल न्याय मंडळ ठरवेल. त्याआधी एक फोरेन्सिक मानसशास्त्रज्ञ बाई त्याला तपासणार. काय करतोय हे त्याला कळत होतं का, आधी ठरवून केलं का, घरचं वातावरण कसं. बॅट सकाळपासून त्याच्या बॅगेत होती. ती खेळायला की मारायला, सगळं तिथंच अडलेलं. त्या बाईंना घरच्यांपैकी कुणाशी तरी बोलायचं होतं. मेहुणे खोलीबाहेर येईनात. बहीण म्हणाली, "दादा, तू जा. तुला बोलता येतं."

फोरेन्सिक म्हणजे हातमोजे आणि रक्ताचे नमुने, अशी माझी कल्पना. बाईंकडे एक वही होती, बस. तेलुगू बाई, पण हिंदी आपल्या हैदराबादचीच. "बचपन का कुछ याद है?" म्हणाल्या. याद! मी सुरूच झालो. पोरगा किती हुशार, घर किती हसतंखेळतं, हे दाखवायला टाकीवालीइतकी चांगली गोष्ट कुठली? बाई लिहून घेत होत्या. आजवर माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे मी आणखी रंगलो.

"चार दिन पहले रखा था?" त्यांनी विचारलं.

"हौ, मॅडम! पूरा प्लॅनिंग!"

त्या हसल्या नाहीत. पेन तेवढं चाललं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मॅडम, वो... बिस्किट मैंने मिलाया. चार दिन भी."

"और बेल्ट?"

"बेल्ट सच्चा है."

मग खरं काय ते सांगितलं. टाकीमागे तो मलाच सापडला होता. जवळ काहीही नव्हतं. चड्डी ओली, दात वाजत होते, मे महिन्यात. मी उचलून खाली आणला. ते मी गोष्टीतून गाळलं होतं, कारण लोक जेवून बसलेले असतात.

"आप सुनाते थे, तब वो भी हँसता था?"

मला आठवेना. मी नेहमी पाहुण्यांकडे बघायचो.

महिन्याभरानं निर्णय आला. खटला मोठ्यासारखा चालणार. "एका गोष्टीनं असं ठरत नसतं हो," वकील म्हणाले. बहिणीनं विचारलं, "दादा, आत तू काय सांगितलंस?" मी म्हणालो, "जे होतं ते."

नंतर निरीक्षणगृहात त्याला भेटलो. मिशी फुटलीय, नखं खाऊन बोटं सोललेली. म्हटलं, "बिस्किटांचं खोटं होतं, हे मी मॅडमना सांगितलंय बरं का. तू काळजी करू नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "खोटं कसं, मामा? मला पण विचारलं त्यांनी. मी हौ म्हणालो. होती ना बिस्किटं. क्रीमवाली."

"तुला आठवतात?"

"मग? संत्र्याची."

भेटीची वेळ संपली म्हणून शिपायानं दार वाजवलं. तो उठून गेला. संत्र्याचं क्रीम मी मागच्या वर्षी, चुलत बहिणीच्या नातवाच्या बारशाला गोष्टीत घातलं होतं.